गहू न चालणाऱ्या मुलांसाठी घरचा गोड खाऊ: ग्लुटेन नाही, जिलेटिनही नाही

ईद जवळ आली की ठाण्याच्या राबोडीत, मुंब्रा-कौशात आणि कल्याणच्या दूधनाक्यावर शेवयांचे ढीग लागतात. घरोघरी शीरखुर्म्याची तयारी सुरू होते, नानखटाईचे डबे भरतात, पाहुण्यांच्या पोरांसाठी चॉकलेटं आणून ठेवली जातात. पण एखाद्या घरात असं एक मूल असतं, ज्याला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद सांगितलेला असतो. त्याला शेवया चालत नाहीत, नानखटाई चालत नाही, केक नाही आणि वेफरचं चॉकलेटही नाही. भावंडं खातात आणि ते बघत बसतं. मग दादी किंवा खाला प्रेमाने म्हणते, "अरे, सणाचा दिवस आहे, एक घास खाल्ला तर काय होतंय!"

आम्ही शाळेत शिकवतो. अशा मुलांचे पालक भेटतात तेव्हा दोनच प्रश्न विचारतात. एक, थोडं खाल्लं तर खरंच काही होतं का? आणि दुसरा, या लेकराला गोड काय द्यायचं? "ग्लुटेन फ्री" लिहिलेली पाकिटं महाग असतात आणि सगळीकडे मिळतही नाहीत. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथे सोप्या भाषेत देतो आणि घरी करता येतील अशा चार गोड पदार्थांच्या कृतीही सांगतो.

ग्लुटेन म्हणजे नेमकं काय

कणीक भिजवून वाहत्या पाण्याखाली धुतली की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात चिवट, रबरासारखा गोळा उरतो. तेच ग्लुटेन. हे गव्हातलं प्रथिन आहे. रोटी ताणली जाते, पाव फुगतो, तो याच्यामुळेच. गव्हासोबत जव आणि राय या धान्यांतही तशाच जातीची प्रथिनं असतात. मैदा, रवा, दलिया, शेवया ही सगळी गव्हाचीच रूपं.

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, बेसन, शेंगदाणे, तीळ, नारळ, खजूर, गूळ, साखर, दूध यांत मुळात ग्लुटेन नसतं. ही यादी नीट वाचली तर लक्षात येईल की आपल्याकडचा निम्मा गोड खाऊ याच जिनसांचा होतो.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांत हमखास चुकते. जवाचा तलबीना आपण आजाऱ्याला आवर्जून देतो. तब्येत नाजूक आहे, पोट बिघडलंय, दे तलबीना. पण सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाला जव चालत नाही. ज्याने बरं वाटावं म्हणून देतो, त्यानेच त्याचं पोट आणखी बिघडतं. ओट्सचंही जपून. ते बहुतेक गव्हासोबतच पिकवले आणि दळले जातात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

"थोडं खाल्लं तर काय होतं?"

सिलिअ‍ॅक ही साधी अ‍ॅलर्जी नाही. या आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग मूल कितीही जेवलं तरी अंगाला लागत नाही. वारंवार जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची, लोहाच्या गोळ्या देऊनही न हटणारा अशक्तपणा, चिडचिड अशी लक्षणं दिसतात. काही मुलांमध्ये पोटाची तक्रार जवळजवळ नसतेच, फक्त वाढ थांबते.

हा आजार गव्हामुळे होतो हे जगाला कळलं ते नेदरलँड्समध्ये. तिथले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० च्या दशकापासून गव्हावर संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. सगळी मुलं हाल सोसत होती, पण हा आजार असलेली मुलं मात्र सुधारताना दिसली. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे शास्त्रीय पद्धतीने मांडलं. आजही यावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद, हाच इलाज.

आता तो "एक घास". या रुग्णांनी काही महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन खाल्लं तरी आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलं आहे. पावाच्या एका स्लाइसमध्ये याच्या कितीतरी पट ग्लुटेन असतं. म्हणजे ईदच्या दिवशी एक चमचा, दुसऱ्या दिवशी मामूकडे अर्धी नानखटाई, तिसऱ्या दिवशी शेजारच्यांचा केक, एवढ्याने महिन्याभराचं पथ्य वाया जाऊ शकतं. मूल त्या क्षणी ओरडत नाही, उलटीही करत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं की काही झालं नाही. नुकसान आत होत असतं.

तपासणीआधी गहू बंद करू नका

आपल्या मुलाला असं काही असेल अशी शंका आली, तर बरेच पालक आधी गहू बंद करून बघतात आणि फरक पडला की मग डॉक्टरांकडे जातात. हा क्रम उलटा आहे. या आजाराची रक्ततपासणी, जिला टीटीजी-आयजीए म्हणतात, आणि त्यानंतर गरज पडल्यास दुर्बिणीतून घेतला जाणारा आतड्याचा तुकडा, या दोन्हींसाठी मूल गहू खात असावं लागतं. गहू आधीच बंद केला तर तपासणी चुकून "काही नाही" असं सांगते.

ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय इथे किंवा आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे आधी मूल दाखवा. "सिलिअ‍ॅकची तपासणी करायची का?" असं स्पष्ट विचारा आणि ते पुढे कुठे पाठवतात ते लिहून घ्या. उत्तर भारतात, जिथे रोजचं जेवण गव्हाचं आहे, तिथे साधारण शंभरात एकाला हा आजार असल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. दक्षिणेत प्रमाण बरंच कमी आहे. आपल्या मुंब्रा-कल्याणच्या वस्तीत कोकणी घरं आहेत तशी उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेलीही भरपूर आहेत. म्हणून "हा आपल्याकडचा आजार नाही" असं म्हणून सोडून देऊ नये.

बाजारातल्या गोडात गहू कुठे लपतो

नुसत्या साखरेच्या लिमलेटच्या गोळीत गहू नसतो. पण पुढच्या गोष्टींत असू शकतो, आणि त्या वरून दिसत नाहीत.

माहीमचा हलवा: पातळ, कागदासारख्या थराचा हा हलवा बहुधा रव्याचा, मैद्याचा किंवा गव्हाच्या चिकाचा असतो. उर्दूत ज्याला निशास्ता म्हणतात तोच हा चीक. कॉर्नफ्लॉरचा चिवट बॉम्बे हलवा वेगळा, पण तो कशाचा केलाय ते दुकानात विचारूनच घ्यावा.

सोहन हलवा: यात समनक, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं पीठ असतं.

सोनपापडी: बेसनासोबत बहुतेक ठिकाणी मैदा घालतात.

इमलीच्या आणि चूरणाच्या गोळ्या: यांत हिंग असतो. दुकानात मिळणारा डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. ही खोच फार कमी जणांना माहीत आहे. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचून बघा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो.

चॉकलेटं: वेफर, बिस्किटाचा चुरा किंवा कुरकुरीत दाणे असलेली नकोच. "माल्ट", "माल्ट एक्स्ट्रॅक्ट", "बार्ली" असं लिहिलेलं असेल तर ते जवाचं असतं. मात्र "माल्टोडेक्स्ट्रिन" हा वेगळा पदार्थ आहे. तो आपल्याकडे बहुधा मक्यापासून करतात. नाव सारखं म्हणून घाबरू नये.

चिरलेला खजूर: अख्ख्या खजुरात काही नसतं. पण पाकिटातले बारीक तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कधी कधी त्यांना पीठ लावतात. अख्खा घ्यावा आणि घरीच चिरावा.

पाकीटबंद मालावर "ग्लुटेन फ्री" लिहायचं तर एक किलो मालात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. गहू, जव वगैरे असेल तर तसं पाकिटावर सांगणंही बंधनकारक आहे. घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जीची जी बारीक ओळ असते, तीच आधी वाचायची. मिठाईच्या दुकानातल्या सुट्या मालावर अशी ओळ नसते. तिथे विचारण्याशिवाय मार्ग नाही.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न असतो, जिलेटिनचा. मऊ, ताणणाऱ्या जेलीच्या गोळ्या आणि मार्शमेलो यांत ते घालतात. जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात आणि कुठल्या जनावराचं आहे हे पाकिटावर बहुधा लिहिलेलं नसतं. त्यावर चौकोनात तपकिरी त्रिकोणाची मांसाहारी खूण मात्र असते. हिरवा गोल असेल तर जिलेटिन नाही. म्हणजे जेलीच्या गोळ्या घेताना आपल्याला दोन-दोन गोष्टी तपासाव्या लागतात. घरी केलं तर दोन्ही चिंता एकदमच मिटतात.

आधी ओटा, मग कढई

घरच्या खाऊत जिन्नस स्वच्छ असले तरी गहू शिरतो तो भांड्यांतून आणि हातांतून. कृतीपेक्षा हे महत्त्वाचं आहे, म्हणून आधी सांगतो.

पहिली गोष्ट पोळपाट-लाटणं. चिक्की लाटायला आपण सहज तेच घेतो. लाकडाच्या भेगांत जुनी कणीक बसलेली असते, ती धुऊनही निघत नाही. चिक्कीसाठी वेगळं लाटणं ठेवा, नाहीतर बटर पेपर टाकून वरून स्टीलचा सपाट पेला फिरवा. लाकडी उलथनं आणि पीठ चाळायची चाळणी यांनाही हाच नियम.

दुसरी गोष्ट तूप. रोटीला लावायचा चमचा परत तुपाच्या बरणीत जातो आणि सोबत कणकेचे कण नेतो. या मुलाच्या खाऊचं तूप लहान बरणीत वेगळं काढून ठेवा.

तिसरी गोष्ट वेळ. कणीक मळल्यावर, पीठ चाळल्यावर पिठाचे कण बराच वेळ हवेत राहतात आणि सगळीकडे बसतात. म्हणून खाऊ सकाळी आधी करा, रोट्या नंतर. ओटा कोरड्या फडक्याने झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

चौथी गोष्ट वाण्याचं माप. सुटे तीळ, शेंगदाणे, साखर घेताना दुकानात तेच माप रव्याच्या पोत्यातून आलेलं असतं. शक्यतो बंद पाकीट घ्या. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून महिन्याचा किराणा भरताना या चार जिनसा वेगळ्या बांधून घ्या. तांदळाचं पीठही गिरणीतून आणू नका, कारण तिथे आधी गहू दळलेला असतो. तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळा.

चार कृती

१. शेंगदाण्याची चिक्की

ठाणे-कल्याणच्या माणसाला चिक्की नवी नाही, लोकलच्या डब्यातही ती विकायला येते. मुंबई-ठाणे पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत आली. पुढे खंडाळ्याच्या घाटात लोहमार्ग बांधणाऱ्या मजुरांना गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जायची, तिचीच पुढे लोणावळ्याची चिक्की झाली असं सांगतात. मजुराला ताकद देणारा आणि खिशात न सांडणारा हा खाऊ मुळातच ग्लुटेनशिवायचा आहे.

साहित्य: भाजून, सालं काढून अर्धवट कुटलेले शेंगदाणे २५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ २०० ग्रॅम, पाणी २ चमचे, तूप १ चमचा.

आधी ताटाला किंवा बटर पेपरला तूप लावून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही. जाड बुडाच्या कढईत गूळ आणि पाणी मंद आचेवर विरघळू द्या. पाक उकळून फेसाळतो, रंग गडद होतो. वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाका. थेंब मऊ राहिला, ताणला गेला, तर पाक कच्चा आहे. कट् असा आवाज करून काचेसारखा तुटला की पाक तयार. हे तापमान साधारण १४५ ते १५० अंश सेल्सियस असतं. लगेच आच बंद करून तूप आणि शेंगदाणे मिसळा, ताटात ओता, भरभर लाटा आणि गरम असतानाच सुरीने रेषा पाडा. गार झाल्यावर त्या रेषांवर वड्या सहज तुटतात. चिक्की दाताला चिकटत असेल तर समजा की पाक दोन मिनिटं आधी उतरवला.

शेंगदाण्याऐवजी तीळ किंवा राजगिऱ्याच्या लाह्या घेतल्या तरी कृती हीच.

२. नारळाची वडी

ही कोकणी घरांत सगळ्यांना येते. पण विकतच्या वडीत कधी रवा किंवा मिल्क पावडर घालून माल वाढवलेला असतो, म्हणून घरचीच बरी.

साहित्य: ओलं खोबरं खवलेलं २ कप, साखर सव्वा कप, दूध अर्धा कप, वेलची पूड, तूप १ चमचा.

सगळं एकत्र करून मध्यम आचेवर ढवळत राहा. पंधरा मिनिटांच्या आसपास मिश्रण कढईच्या कडा सोडून मधे गोळा होऊ लागतं. तेव्हाच उतरवा. जास्त परतलं तर वडी भुरभुरीत होते, कमी परतलं तर थापल्यावर घट्ट बसत नाही. ताटात थापून कोमट असताना कापा. टॉफीसारखी हवी असेल तर निम्म्या साखरेऐवजी गूळ घ्या आणि एक-एक तुकडा बटर पेपरात गुंडाळा. मुलांना कागद उलगडून खायची मजा फार असते.

३. इमलीची आंबट-गोड गोळी

साहित्य: बिया काढलेल्या चिंचेचा घट्ट कोळ १ कप, गूळ १ कप, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ चमचा, काळं मीठ अर्धा चमचा, थोडं लाल तिखट. हिंग घालू नका.

चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा आणि चाळणीतून गाळा. ही चाळणी पिठाची नको. कोळ आणि गूळ मंद आचेवर आटवा. लोखंडाची कढई घेऊ नका, आंबटाने चव बिघडते. मिश्रण चमच्यावरून पडेनासं झालं की मसाला घालून उतरवा. गार झाल्यावर हाताला तूप लावून बोराएवढ्या गोळ्या वळा आणि घरी दळलेल्या पिठीसाखरेत घोळवा. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये स्टार्च मिसळलेलं असतं. ते आपल्याकडे बहुधा मक्याचं असतं, पण साखर घरी दळायला दोन मिनिटं लागतात, मग शंका कशाला ठेवायची. तिखट-मिठाचीही पाकिटं वाचून घ्या.

४. चायना ग्रासची जेली

रमजानमध्ये इफ्तारला चायना ग्रासचं पुडिंग बहुतेक घरांत होतं. हे समुद्री शेवाळापासून करतात, म्हणून त्यात जिलेटिनचा प्रश्न नाही आणि गव्हाचाही नाही. पाकिटावर त्याचं नाव अगार किंवा क्रमांक ४०६ असा असतो. जिलेटिनची जेली आपल्या मे महिन्यातल्या उकाड्यात वितळते. चायना ग्रासची जेली एकदा घट्ट झाली की बाहेरच्या उन्हाळ्यातही टिकून राहते, तिला वितळायला जवळजवळ ८५ अंशांची उष्णता लागते.

साहित्य: चायना ग्रास १० ग्रॅम, पाणी दीड कप, साखर पाऊण कप, आंब्याचा किंवा संत्र्याचा गाळलेला रस १ कप.

चायना ग्रास तुकडे करून अर्धा तास भिजवा, मग त्याच पाण्यात उकळा. एकही तंतू दिसेनासा झाला की साखर घाला, ती विरघळली की आच बंद. रस फ्रिजमधला गार नको, नाहीतर मिश्रण जागच्या जागी गुठळ्या धरतं. रस आच बंद केल्यावरच घाला, कारण आंबट रसासोबत उकळलं तर जेली सैल राहते. कोकमाचं सरबत घातलं तर रंग सुरेख येतो. ताटात ओता. तासाभरात घट्ट होईल. चौकोन कापून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा. फ्रिजमध्ये चार दिवस राहते.

वेळ अगदीच नसेल तर अख्खा खजूर बिया काढून तुपात मऊ करा, त्यात काजू-बदामाचे तुकडे मिसळा, लांबट वळून कापा. साखर नाही, पाक नाही, दहा मिनिटांचं काम.

पाकाशी खेळ नको

मुलांना खाऊ करताना मदत करायची असते. त्यांना चिंच कोळू द्या, जेली कापू द्या, कागद गुंडाळू द्या. पण पाक उकळत असताना त्यांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा. पाक उकळत्या पाण्यापेक्षा खूप तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो. बोटाने चाखून बघायचा मोह कोणीच करू नये. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

लहान मुलांना, साधारण पाच वर्षांच्या आतल्यांना, अख्खे शेंगदाणे आणि कडक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी शेंगदाण्याचं कूट वापरा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलंही असतात, पाहुण्यांच्या मुलांना देण्याआधी विचारा.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की चिक्की दोन दिवसांत चिघळते, कारण गूळ आणि साखर हवेतलं पाणी ओढून घेतात. जून ते सप्टेंबर चिक्कीऐवजी वडी आणि जेली करा. चिक्की केलीच तर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, थरांमध्ये बटर पेपर ठेवा आणि झाकण घट्ट लावा.

आणि एक गैरसमज. "ग्लुटेन फ्री" म्हणजे तब्येतीला चांगलं, वजन कमी करणारं, असं काही जणांना वाटतं. साखर ती साखरच. ज्यांना हा आजार नाही त्यांनी गहू सोडायची गरज नाही, आणि घरातल्या शुगरच्या पेशंटने ही चिक्की "ग्लुटेन फ्री आहे" म्हणून खाऊ नये.

एकच ताट, सगळ्यांसाठी

आम्ही शाळेत एक गोष्ट पाहतो. ज्या मुलाचा डबा वेगळा असतो, ते मूल हळूहळू कोपऱ्यात बसायला लागतं. "तुझ्यासाठी वेगळं केलंय" हे वाक्य आपण मायेने म्हणतो, पण मुलाला त्यात फक्त "वेगळं" ऐकू येतं. म्हणून घरी खाऊ करताना त्याच्यापुरती वाटीभर करू नका, सगळ्यांसाठी परातभर करा. ईदला पाहुण्यांपुढे जे ताट जाईल त्यात चिक्की, वडी, जेली असू द्या आणि ते ताट त्याच मुलाच्या हातात द्या. शीरखुर्म्याचंही तसंच. तांदळाच्या शेवया मिळतात, आणि कोकणात तांदळाचे शिरवाळे नारळाच्या रसासोबत खायची पद्धत तर जुनीच आहे. शबे-बरातला सुजीच्या ऐवजी चण्याच्या डाळीचा हलवा सगळ्यांसाठीच करा. तोही आपलाच आहे.

शेजारचं काय चालतं तेही माहीत असू द्या. संक्रांतीची तीळगुळाची वडी, राजगिऱ्याचा लाडू, डोंबिवलीच्या दुकानांत मिळणारे उपवासाचे पदार्थ यांत सहसा गहू नसतो, कारण उपवासाला तो चालत नाही. शेजारच्या काकूंना एकदा नीट समजावून सांगितलं की त्याही पुढच्या वेळी विचारूनच देतात. दर्ग्यावर तबर्रुक म्हणून मिळणारे बत्तासे साखरेचे आणि साखरफुटाणे चण्याचे, तेही साधारण चालतात. फक्त एकाच पुडीत शंकरपाळी किंवा बुंदीसोबत बांधलेले नसावेत.

शाळा उघडली की वर्गशिक्षकांना एका कागदावर लिहून द्या: मुलाला काय चालत नाही, काय चालतं, चुकून खाल्लं तर कोणाला फोन करायचा. सोबत घरच्या गोळ्यांचा एक छोटा डबा वर्गात ठेवायला द्या. कोणाच्या वाढदिवसाला चॉकलेट वाटलं गेलं की बाई त्यातली एक गोळी काढून याच्या हातात देतील. त्या दिवशी त्याला "नको" म्हणावं लागणार नाही.

ईदच्या आठ दिवस आधी एकदा नारळाची वडी करून बघा. चारांत ती सगळ्यात सोपी आहे आणि पाकाची भीतीही नाही. ती जमली की मग चिक्कीकडे वळा.